दोष पट्टीचा की स्लॉटचा?

सर्व्हर सुरू होत नाही, पडदा काळाच राहतो, की ‘मेमरी गेली’ असा निष्कर्ष काढला जातो. तो बहुधा घाईचा असतो. मेमरीची पट्टी, म्हणजेच डिम, बदलल्यावर प्रोसेसर तिच्याशी सिग्नलांच्या वेळा जुळवतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. डिम बरेच असतील तर यात काही मिनिटे जातात. कंटाळून वीज तोडली, तर सारे पुन्हा पहिल्यापासून.

दुसरा समज अधिक महागात पडतो: लॉगमध्ये ए2 स्लॉटचे नाव आले, म्हणजे ए2 मधला डिम खराब. लॉग आधी पाहावा हे बरोबरच. बीएमसी हा मदरबोर्डवरचा स्वतंत्र नियंत्रक स्टँडबाय विजेवर चालतो, त्यामुळे सर्व्हर बंद असतानाही त्याने ठेवलेला लॉग वाचता येतो. पण लॉग जागा सांगतो, गुन्हेगार नव्हे. आजच्या सर्व्हरमध्ये मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच असतो. प्रोसेसरच्या सॉकेटमधली केसासारखी एक पिन वाकली तरी अख्खा चॅनेल, म्हणजे कंट्रोलरपासून डिमपर्यंतचा मार्ग, गायब होऊ शकतो. म्हणून वीज पूर्ण काढून ए2 मधल्या डिमची चालू चॅनेलवरच्या डिमशी अदलाबदल करावी. तक्रार डिमबरोबर सरकली तर डिम दोषी. ती ए2 वरच राहिली तर स्लॉट, सॉकेट किंवा प्रोसेसर तपासावा. नवा डिम आणून काही साधणार नाही. लॉगमध्ये काहीच नसेल, तर एक प्रोसेसर आणि माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या स्लॉटमध्ये एकच डिम ठेवून सुरुवात करावी. एका वेळी एकच बदल.

ईसीसी, म्हणजे चुका ओळखून सुधारणारी सोय, असली की बिघाड होत नाही, हेही खरे नाही. डीडीआर4 च्या ईसीसी डिममध्ये 64 बिटांमागे 8 जादा बिट असतात. नेहमीची ईसीसी एका बिटाची चूक सुधारते, दोन बिटांची फक्त ओळखते. गूगलच्या सर्व्हरांवरील 2009 च्या अभ्यासात वर्षाकाठी 8 टक्क्यांहून अधिक डिममध्ये चुका आढळल्या होत्या.

क्षमता सारखी म्हणून कोणताही डिम चालत नाही. आरडिम (रजिस्टर असलेला) आणि यूडिम (रजिस्टर नसलेला) एकत्र चालत नाहीत. दुसरा प्रोसेसर नसेल तर त्याच्या बाजूचे स्लॉटही निर्जीवच राहतात.

राहता राहिला खोडरबराचा उपाय. डिमची सोनेरी टोके त्याने घासल्यावर सर्व्हर चालू झालाच, तर श्रेय बहुधा डिम काढून नीट बसवण्याला असते. घासण्याने सोन्याचा पातळ मुलामा झिजतो, रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेले, धागे न सुटणारे फडके पुरते. मग दोन्ही टोकांच्या खिट्या टक्‌ आवाज करून बंद होईपर्यंत डिम सरळ दाबावा.