दरसालचा उपसा
मुंबईचे बंदर निसर्गदत्त आहे, असे आपण शाळेपासून वाचत आलो, आणि ते खोटेही नाही. परंतु निसर्गाने दिलेली खोली शिडाच्या गलबतांना पुरणारी होती, आणि १९८९ साली न्हावा-शेवा येथे सुरू झालेल्या बंदरात आज जी चौदा-पंधरा मीटर पाणी मागणारी कंटेनरवाहू जहाजे भरतीची वेळ साधून शिरतात, त्यांचा मार्ग समुद्राच्या तळात मनुष्याने खणून काढलेला आहे. असा चर खणला की तेथे प्रवाह मंदावतो व पाण्यातला गाळ खाली बसतो. म्हणजे मार्ग जितका खोल करावा, तितकी त्याची भरून येण्याची प्रवृत्ती बळावते. उधाणाचे पाणी तळ ढवळते, भांगाच्या दिवसांत तो गाळ स्थिरावतो, आणि पावसाळ्यात अंबा-पाताळगंगेसारख्या नद्यांची माती त्यात येऊन मिळते.

हा गाळ उपसणारे जहाज म्हणजे तरता पंपच. त्याच्या कुशीतून सोडलेली जाड नळी तळावरून फरफटत जाते, चिखलमिश्रित पाणी पोटातल्या हौदात ओतते; जडांश खाली बसतो, वरचे गढूळ पाणी बाहेर सांडते. हौद भरला की जहाज दूर समुद्रात मुकर्रर केलेल्या जागी जाते, बुडाची दारे उघडते, आणि काही मिनिटांत हलके होऊन वर उचलले जाते. ही जागा चुकली, तर टाकलेला माल पुढच्या भरतीबरोबर परत येतो!

मोजणीचे प्रकरण याहून नाजूक आहे, कारण तळ नेमका कोठे सुरू होतो हेच वादग्रस्त. खोली ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून मोजतात; उच्च कंप्रतेचा ध्वनी पातळ चिखलाच्या पृष्ठावरूनच परततो, नीच कंप्रतेचा तो भेदून कठीण थरापर्यंत पोहोचतो. आणि मक्तेदाराचा मोबदला कामापूर्वीच्या व नंतरच्या मोजणीतील फरकावर ठरत असल्यास, कोणता आकडा प्रमाण मानावयाचा हे करारात आधीच नमूद करावे लागते.

मुंबईच्या अलेक्झांड्रा गोदीच्या खोदाईतील मातीवर बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. दरसालच्या या उपशाचे मात्र असे दाखवण्याजोगे काहीच उरत नाही, म्हणून अंदाजपत्रकात कात्री लावताना याच तरतुदीकडे प्रथम नजर जावी हे स्वाभाविक, पण अदूरदृष्टीचे आहे. उपसा रखडला की बंदराला जाहीर केलेली खोली घटवावी लागते. मग मोठी जहाजे माल कमी भरून येतात, किंवा तो कोलंबोस उतरवून लहान जहाजांनी आणावा लागतो, आणि त्या दुहेरी हाताळणीचा खर्च अखेर आपल्याच व्यापाऱ्याच्या खाती पडतो.