द्राक्षग्रामाचे नाव : शातोनफ, दौलताबाद आणि केज

दक्षिण फ्रान्समध्ये रोन नदीच्या डाव्या तीरावर, आव्हीन्यों नगराच्या उत्तरेस, शातोनफ-दु-पाप नावाचे एक ऐतिहासिक गाव आहे. त्याची लोकवस्ती सुमारे २,००० म्हणजे केजसारख्या तालुक्याच्या गावाहून पुष्कळच कमी. तथापि द्राक्षमद्याच्या जागतिक व्यापारात त्याचे नाव सर्वपरिचित आहे. एखाद्या ग्रामनामास असे मूल्य कशाने प्राप्त होते, हा आर्थिक भूगोलातील महत्त्वाचा प्रश्न होय. मराठवाड्याच्या अभ्यासकास तो परका वाटू नये. ज्या शतकात या फ्रेंच गावास पोपचा आश्रय लाभला, त्याच शतकात दौलताबादेसही द्राक्षे पिकत होती.

इ. स. १३०९ ते १३७७ या काळात पोपचे पीठ रोमऐवजी आव्हीन्यों येथे होते. त्यांपैकी जॉन बाविसावा (कारकीर्द १३१६ ते १३३४) याने या गावी टेकडीवर निवासासाठी किल्ला बांधविला. इकडे १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने देवगिरीस दौलताबाद हे नाव देऊन तेथे राजधानी नेली. दिल्लीहून चीनकडे वकील म्हणून निघालेला इब्न बतूता १३४२ नंतर लवकरच दौलताबादेस आला. तेथील द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा फळतात, असे त्याने नमूद केले आहे. पुढे दोन्ही स्थळांचा राजाश्रय सरला. दौलताबाद हे किल्ल्याचेच नाव राहिले, तर शातोनफ हे द्राक्षमद्याचे नाव झाले.

या भेदाचे कारण केवळ आश्रयात शोधणे योग्य नव्हे. पोपचे पीठ रोमला परतल्यानंतर सुमारे पाच शतके हे गाव चुनखडीच्या उद्योगावरून ‘शातोनफ-काल्सर्निये’ याच नावाने ओळखले जात होते. ‘दु-पाप’ म्हणजे ‘पोपचे’ हे पद अधिकृतपणे १८९३ मध्ये जोडले गेले.

हवामानाचे कारणही अपुरे ठरते. फ्रान्समध्ये हिवाळ्याच्या थंडीने वेल सुप्तावस्थेत जाते, वसंतात फुटते आणि शरदाच्या प्रारंभी तिची फळे पिकतात. दख्खनमध्ये अशी थंडी नसल्यामुळे वेल वर्षभर वाढत राहते, व तिला वळण लावण्याचे काम बागायतदाराच्या कात्रीस करावे लागते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नवी काडी वाढते आणि तिच्या डोळ्यांत सूक्ष्म घड तयार होतात. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर तेच घड बाहेर पडतात, आणि पाऊस संपलेला असल्याने कोरड्या हवेत फळ पोसते. इब्न बतूताने नोंदलेल्या दोन बहरांचे मूळ वेलीच्या याच सततच्या वाढीत असले पाहिजे. आज बहुधा छाटण्या दोन व पीक एक, अशी पद्धती आहे. सारांश, निसर्गाने दख्खनला द्राक्ष नाकारलेले नाही. १९८० च्या दशकात नारायणगाव येथे आणि त्यानंतर नाशिक परिसरात मद्यनिर्मिती सुरू झाली, यावरून हेच सिद्ध होते.

मग शातोनफच्या नावास बळ कोठून आले? १८६० नंतर फायलोक्सेरा या मुळांचा रस शोषणाऱ्या किडीने रोन खोऱ्यातील मळे उद्ध्वस्त केले. अमेरिकन खुंटांवर कलमे बांधून ते पुन्हा उभे करण्यात आले. (महाराष्ट्रातही आज खुंटावर कलम करतात, परंतु मुख्यतः क्षारयुक्त जमीन व पाण्याची टंचाई यांस तोंड देण्यासाठी.) या आपत्तीनंतर बाजारात परक्या ठिकाणचे मद्यही प्रसिद्ध नावांखाली विकले जाऊ लागले. तेव्हा १९२३ च्या सुमारास बॅरन ल रुआ या कायदेपंडित बागायतदाराच्या नेतृत्वाखाली गावच्या उत्पादकांनी स्वतःवरच नियम घालून घेतले. जेथे लव्हेंडर व थाइम यांसारखी रुक्ष भूमीतील झुडपेच तग धरतात, तीच जमीन पात्र मानली गेली. द्राक्षाचे वाण व छाटणीची रीत ठरवून दिली गेली. मद्यार्काचे प्रमाण किमान १२.५ टक्के असावे, आणि तोडणीच्या वेळी निकृष्ट फळ वगळावे, असे बंधन आले. १९३६ मध्ये फ्रेंच शासनाने या नियमांस कायद्याची मान्यता दिली. म्हणजेच नियम आधी, राजमुद्रा नंतर. उत्पादकांनी कमी पिकविण्याचे व वगळण्याचे जे मान्य केले, तेच या नावाचे खरे भांडवल होय.

महाराष्ट्रात हा क्रम बव्हंशी उलट दिसतो. २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले व विंचूर आणि पलूस येथे त्यासाठी उद्याने योजिली. हे साहाय्य मोलाचे होते. परंतु वरून आलेले साहाय्य आणि आतून निघालेला निर्बंध या भिन्न गोष्टी आहेत.

केज तालुक्यास या भेदाचा अर्थ विशेष जाणवेल. याच तालुक्यात धनेगाव येथे मांजरा धरण आहे. २०१६ मध्ये ते आटले आणि लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. अशा प्रदेशाने पाण्यावर विसंबणाऱ्या पिकाची कीर्ती शोधण्यापेक्षा रुक्ष भूमीस मानवणाऱ्या फळाकडे पाहणे अधिक युक्त ठरते. बालाघाटच्या डोंगरउतारांवर सीताफळ अल्प पाण्यावर वाढते, आणि २०१६ मध्येच ‘बीड सीताफळ’ या नावास भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

येथे राजमुद्रा हाती आली आहे. नियमाचे पालन हे उत्पादकांचे काम आहे. सीताफळ पिकल्यावर फार काळ टिकत नाही, म्हणून भावाच्या लोभाने ते कोवळेच तोडण्याचा मोह होतो. डोळे उघडण्यापूर्वी फळ तोडू नये आणि बाहेरचा माल बीडच्या नावाखाली विकू नये, एवढे दोन निर्बंध गावोगावच्या उत्पादकांनी एकमताने पाळले, तरी मानांकनाचे कागदी नाव बाजारात मूल्य धारण करू लागेल. ते न पाळल्यास त्या नावाची गत दौलताबादच्या द्राक्षांसारखी होईल. प्रवासवर्णनात उल्लेख राहील, बाजारात मात्र राहणार नाही.