शाळेत घडलेली वस्तू कोणासाठी?

ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि तिच्यातून डॉ. झाकीर हुसेन यांची समिती नेमली गेली. तिने आखलेल्या वेळापत्रकात साडेपाच तासांच्या शाळेतले तीन तास वीस मिनिटे मूलोद्योगाचे, म्हणजे सूतकताईसारख्या पायाभूत हस्तव्यवसायाचे होते. सुताची लांबी आणि वजन मोजून त्याचा अंक काढताना मूल गुणोत्तर शिकेल, कापसाच्या निमित्ताने त्याला जमीन, पाऊस आणि बाजार कळेल, अशी ती मांडणी. सेवाग्रामला आशादेवी आणि आर्यनायकम यांनी ती निष्ठेने चालवली. इतर शाळांत टकळी पोहोचली, तिच्यामागचा विचार मात्र बहुतेक ठिकाणी वाटेतच गळाला. सूत निघे, ते कोणाच्या अंगावर जाणार, हे कोणी विचारत नसे. शाळेतल्या हस्तकौशल्याचा पुढचा प्रवास पाहताना हाच प्रश्न मला पुन्हा पुन्हा निर्णायक वाटतो.

कोठारी आयोगाने (1964–66) ‘कार्यानुभव’ प्रत्येक विद्यार्थ्यासाठी सुचवला. 1977 मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने त्याला ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ म्हटले. हेतू उत्तम होता. प्रत्यक्षात आठवड्याच्या एक-दोन तासिका वाट्याला आल्या आणि गणिताचा धडा मागे पडला की त्याही जात. भेटकार्डे, राख्या, आकाशकंदील यांवर श्रेणी मिळे. वस्तू घरी कोणी करून दिली की दुकानातून आणली, याची चौकशी क्वचितच होई. तांत्रिक विद्यालयांत परिस्थिती बरी होती. तिथे मुले मापाला मान द्यायला शिकली: करवत रेषेवर ठेवणे, कानस सपाट चालवणे, गुण्या लावून काटकोन तपासणे. ही शिस्त मोलाची आहे. पण मेहनतीने जुळवलेला लाकडी सांधा गुण मिळाले की कोपऱ्यात पडे, कारण तो कशाचाच भाग नसे.

या कोंडीतून वाट काढली पुणे जिल्ह्यातल्या पाबळने. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलेले शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. आश्रम चालतो तो भारतीय शिक्षण संस्थेचे केंद्र म्हणून. ही संस्था स्थापन करणारे जे. पी. नाईक कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. आयोगाच्या कागदावरची कल्पना अशी एका दुष्काळी गावात रुजली. कलबागांचा अभ्यासक्रम अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य आणि शेती-पशुपालन अशा चार अंगांचा. शिकवायला गावातले कारागीर. आठवी ते दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, माती-पाणी परीक्षण करत आणि ते काम गावासाठी असे. शाळेची बाके दुरुस्त होत, शेजाऱ्याचे फाटक तयार होई, आणि कामाचा खर्च काढायचाही मुलांनीच. फाटक नीट लागले नाही तर शेजारी बोलावून दाखवणार, हे ठाऊक असल्याने मापाची चूक मुलाला आपोआप खटकू लागते. पुढे या विषयाला राज्य मंडळाची मान्यता मिळाली. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर आश्रमाने लातूर भागात घुमटाकार घरे उभारली. 2002 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या साहाय्याने पाबळला फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू घडवण्याची कार्यशाळा आली. अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ती एक. पुढच्याच वर्षी कलबाग गेले, पण काम थांबले नाही.

त्याच दशकात मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात डॉ. चित्रा नटराजन आणि सहकारी वस्तुरचनेकडे दुसऱ्या बाजूने पाहत होते. शहरी मराठी, शहरी इंग्रजी आणि आदिवासी भागातल्या शाळांतील मुलांना त्यांनी पिशवी, वजन उचलणारी पवनचक्की आणि बाहुल्या करायला दिल्या. आधी गटात चर्चा, मग कागदावर आराखडा, साहित्याची यादी, कामाचा क्रम आणि त्यानंतरच कात्री. शेवटी एकमेकांच्या वस्तू तपासायच्या. हात चालण्याआधी रेषेत विचार करणे हेही शिकवावे लागते, हे या कामाने ठळक केले. पाबळने वस्तूला मालक दिला, तर या प्रयोगाने तिला आराखडा दिला. माझ्या मते वस्तुरचनेच्या शिक्षणाला ही दोन्ही अंगे हवीत.

2016 पासून अटल टिंकरिंग लॅब आल्या. शाळेला 20 लाखांपर्यंत अनुदान, थ्री-डी प्रिंटर, अर्दुइनो, सेन्सर. खेड्यातल्या मुलीच्या हाती सोल्डरिंग गन येते, याचा मला मनापासून आनंद वाटतो. 2020 च्या राष्ट्रीय धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले. सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाऊन शिकायचे. दिशा योग्य आहे. तरी प्रदर्शनापुरता रोबो आणि श्रेणीपुरता आकाशकंदील यांत फरक राहणार नाही, ही भीतीही खरी आहे.

तो फरक मूल्यमापनातून पडेल. वस्तू पूर्ण झाली की गुण देऊ नयेत. ती शाळेबाहेरच्या कोणाच्या तरी हाती द्यावी. महिन्याभराने विद्यार्थ्याने तिथे जाऊन काय मोडले, काय अडले, काय उपयोगी पडले हे नोंदवावे, दुरुस्ती करावी, आणि गुण त्या दुसऱ्या फेरीला मिळावेत. यासाठी नवे यंत्र लागत नाही. वेळापत्रकात तेवढी सवड आणि गावाशी बोलणारा शिक्षक लागतो. वर्ध्याच्या समितीने सवड दिली होती, पाबळने असे शिक्षक गावातच शोधले. आता हे दोन्ही प्रत्येक माध्यमिक शाळेत एकत्र आणणे आपले काम आहे.