घास अडला कुठे?

आपल्याकडे जीभ सोलवटली किंवा घसा धरला, की घरातल्या घरात एकच निदान होतं : ‘उष्णता झाली.’ मग सब्जाचं पाणी, ताक, तूप, जेष्ठमध. बहुतेक वेळा चार दिवसांत बरं वाटतं आणि घरचं निदान खरं ठरतं. माझ्या बाबतीत ते चार दिवस चौदा महिन्यांवर गेले. त्या चौदा महिन्यांत मी जे शिकले, ते आज सांगणार आहे. मी डॉक्टर नाही. मोखाडा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. त्यामुळे यात वैद्यकाचा जो भाग येईल, तो मला डॉक्टरांनी समजावून सांगितलेला आणि नंतर मी वाचून पडताळलेला आहे.

सुरुवात झाली २०१८च्या पावसाळ्यात. जेवताना जीभ चुरचुरायची, तिखट लागलं तर पेटायची. ओठांचे कोपरे चिरलेले असायचे. ‘तोंड आलंय’ म्हणून मी दुर्लक्ष केलं. दिवाळीच्या सुमारास मात्र नागलीची भाकरी गळ्याच्या वरच्या भागात अडायला लागली. पाण्याचा घोट घेतला की उतरायची. भात जायचा, पेज जायची. मग मी भाकरी डाळीत कुस्करून, भिजवून खायला लागले. शाळेत दुपारी माझा डबा सगळ्यांच्या आधी उघडायचा आणि सगळ्यांच्या शेवटी बंद व्हायचा. पुढं पुढं मी इतरांबरोबर जेवायला बसणंच सोडलं.

या काळात मी पाच ठिकाणी दाखवलं. एकानं बी-कॉम्प्लेक्स आणि जिभेला लावायचं मलम दिलं. दुसऱ्यानं पित्ताच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्यानं घसा लाल दिसतो म्हणून पाच दिवसांच्या अँटिबायोटिक्स दिल्या. चौथ्यानं थायरॉईडची तपासणी केली, ती ठीक निघाली. पाचव्या ठिकाणी, शहरात, घशात आरसा घालून पाहिलं आणि सांगितलं, “काही नाही, मनाचं आहे. टेन्शन घेऊ नका.” खोटं कशाला सांगू, शेजारणीच्या आग्रहाखातर भगताकडेही जाऊन आले.

यातला कुणीही वेडंवाकडं वागला, असं मी म्हणणार नाही. प्रत्येकानं समोर दिसलं त्यावर इलाज केला. अडचण अशी, की प्रत्येक जण पहिल्या पानापासून सुरुवात करत होता. आधी काय झालं, कशानं फरक पडला नाही, हे त्यांना कळायला मार्गच नव्हता. माझ्याकडचे कागद काही हरवले होते, काही पावसात कौलातून गळलेल्या पाण्यानं भिजून गेले होते.

जव्हार-मोखाड्यात ही अडचण मोठी होते. जव्हारला पतंगशाह कुटीर रुग्णालय आहे, मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय आहे, गावोगावी आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं आहेत. बाळंतपण, ताप, सर्पदंश, कुपोषित मुलं यांचा भार तिथं आधीच असतो. घशाची दुर्बिणीतून तपासणी करायची तर नाशिक नाहीतर ठाणे-मुंबई गाठावी लागते. मोखाड्याहून त्र्यंबकेश्वरमार्गे नाशिक ६० किलोमीटरच्या आसपास आहे. मला त्यासाठी एक रजा पुरते. मजुरीवर जगणाऱ्या बाईची एक दिवसाची मजुरी बुडते, वर एसटीचं भाडं. त्यात दिवाळीनंतर आमच्याकडची कितीतरी कुटुंबं वीटभट्टीवर, भिवंडी-वसईकडे कामाला जातात. एका ठिकाणी सुरू झालेली तपासणी तिथं पूर्ण होईलच, याची खात्री नसते.

आणि या सगळ्याच्या तळाशी एक भीती होती. आमच्या भागात तंबाखू आणि मशेरी घरोघरी आहे. मी दोन्हीला कधी हात लावला नाही, तरी रात्री सगळे झोपले, की मी बॅटरी घेऊन आरशात जीभ बघत बसायचे. जीभ गुळगुळीत, लालसर, काचेसारखी दिसायची. मनात एकच शब्द यायचा. तो मी घरात उच्चारला नाही.

अखेर २०१९च्या पावसाळ्याच्या शेवटी यांनी मला नाशिकला एका डॉक्टर बाईंकडे नेलं. त्यांनी तोंडात बघण्याआधी विचारलं, “जुने कागद आहेत का?” पिशवीत दोनच होते. एक चौथ्या डॉक्टरांचा थायरॉईडचा, दुसरा तीन वर्षांपूर्वीच्या एका शिबिरातला. ट्रंकेच्या तळाशी सापडला म्हणून सहज घेतलेला. त्यावर हिमोग्लोबिन लिहिलेलं होतं : ८.१. गरोदर नसलेल्या स्त्रीचं ते १२च्या खाली गेलं, की त्याला रक्तक्षय म्हणतात. शिबिरात मला गोळ्या दिल्या होत्या. त्या मी पंधरा दिवस घेतल्या, पोट बिघडलं म्हणून सोडल्या आणि विसरले.

डॉक्टर बाईंनी माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. मग नखं पाहिली. ती मधे खोल गेली होती, चमच्यासारखी. मग त्यांनी विचारलं, “पाळीत किती दिवस जातं?” मी यांच्याकडे पाहिलं. बाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी यांना बाहेर बसायला सांगितलं. मी म्हटलं, “आठ-नऊ दिवस. चार वर्षं झाली. या वयात होतंच ना?”

चौदा महिन्यांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. आणि घशाच्या डॉक्टरला पाळीबद्दल सांगायचं असतं, हे माझ्याही मनात आलं नव्हतं.

हिमोग्लोबिन ६.४ निघालं. फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारी तपासणी, ४वर. मग बेरियमचं पांढरं औषध पाजून घशाचे एक्स-रे काढले, त्यानंतर दुर्बीण घातली. अन्ननलिकेच्या अगदी तोंडाशी पातळ पडद्यासारखी एक घडी होती. पातळ अन्न बाजूनं उतरायचं, भाकरीचा घास तिथं अडायचा. पाचव्या डॉक्टरांच्या आरशात ती दिसणं शक्य नव्हतं, कारण आरसा तिथवर पोचतच नाही.

या दुखण्याला प्लमर-विन्सन किंवा पॅटरसन-केली यांचं नाव आहे. पॅटरसन आणि ब्राऊन केली या दोन ब्रिटिश डॉक्टरांनी १९१९मध्ये स्वतंत्रपणे त्याचं वर्णन केलं. अमेरिकेतल्या पोर्टर विन्सन यांनी १९२२मध्ये अशाच रुग्णांवर लेख लिहिला, तेव्हा त्याच्या शीर्षकात ‘हिस्टेरिया’ हा शब्द घातला होता. म्हणजे ‘मनाचं आहे’ हे उत्तर मिळालेली मी काही पहिली बाई नव्हे! पुढं लोहाच्या कमतरतेशी त्याचा संबंध स्पष्ट झाला. जिभेवरच्या आणि घशातल्या अस्तराच्या पेशी सतत झिजतात आणि नव्या तयार होतात. त्या कामाला लोह लागतं. ते पुरेनासं झालं, की जिभेवरचे बारीक उंचवटे झिजून जीभ गुळगुळीत होते आणि ओठांचे कोपरे चिरतात. काही थोड्या जणांच्या अन्ननलिकेत असा पडदाही येतो.

पण गुळगुळीत जीभ म्हणजे लोहच कमी, असंही नाही. बी-१२ आणि फोलिक अ‍ॅसिडच्या कमतरतेतही जीभ अशीच होते. फोलिक अ‍ॅसिडचा शोध तर मुंबईतूनच सुरू झाला. ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईत आल्या. गरोदर कामगार स्त्रियांना होणाऱ्या एका गंभीर रक्तक्षयाचा त्या अभ्यास करत होत्या. यीस्टच्या अर्कानं तो बरा होतो, हे त्यांनी १९३१मध्ये प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे फोलिक अ‍ॅसिड. पुढं १९४१मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळं काढलं गेलं. म्हणून गोळ्या सुरू करण्याआधी, नेमकं काय कमी आहे हे रक्ततपासणीनं पाहणं बरं.

माझा पडदा दुर्बिणीतूनच रुंद करून मोकळा केला. सलाईनमधून लोह दिलं, मग गोळ्या. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ सापडली, तिचेही उपचार झाले. ते झाले नसते, तर भरलेलं लोह पुन्हा वाहूनच गेलं असतं. जिभेची आग दोन-तीन आठवड्यांत कमी झाली. हिमोग्लोबिन भरल्यानंतरही तीन महिने गोळ्या घ्याव्या लागल्या, कारण रिकामा साठा त्यानंतर भरतो. या आजारात पुढं घशाच्या आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका काहीसा वाढतो, म्हणून मी दर वर्षी तपासणीला जाते. रात्री बॅटरी घेऊन आरशात बघण्यापेक्षा ते खूप सोपं आहे.

आता तुमच्या उपयोगाचं. डॉक्टरांकडे जाताना चार गोष्टी लिहून न्या. कधी सुरू झालं? घट्टच अडतं, की पाणीही अडतं? घट्टच अडत असेल तर वाट अरुंद झाल्याची शंका येते. पहिल्यापासून दोन्ही अडत असेल तर स्नायू किंवा मज्जातंतूंकडे पाहावं लागतं. जेवताना काहीच अडत नाही, पण एरवी गळ्यात गोळा असल्यासारखं वाटतं, ते बरेचदा आम्लपित्तानं किंवा ताणानं असतं. कोणती औषधं झाली आणि कशानं फरक पडला नाही? आणि शेवटचं, शरीरात दुसरीकडे काय चाललंय : दम लागणं, पाळी, वजन, मधुमेह, अंगावर काढलेलं काहीही.

जिभेवर दह्यासारखा पांढरा थर आला तर बुरशी असू शकते; मधुमेहात आणि अँटिबायोटिक्सनंतर ती होते. जिभेवर नकाशासारखे पट्टे येतात आणि जागा बदलतात, ते बहुधा निरुपद्रवी असतात. मात्र तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, बसलेला आवाज, मानेतली गाठ, दिवसेंदिवस वाढत जाणारा अडथळा, यांपैकी काहीही असेल तर थांबू नका. सुपारी, गुटखा खाणाऱ्यांनी स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का पाहावं. जात नसतील तर लगेच दाखवावं.

आणि कागद. प्रत्येक चिठ्ठी, प्रत्येक रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून एका जागी ठेवा. कामाला परगावी जाताना ती पिशवी रेशनकार्डासारखी बरोबर न्या. डॉक्टर बदलतात, दवाखाने बदलतात. आपल्या दुखण्याची सलग गोष्ट फक्त आपल्याजवळ असते.

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यांतल्या फार थोड्यांच्या घशात पडदा येईल. थकवा, चक्कर, सोललेली जीभ मात्र अनेकींना असेल आणि त्या म्हणत असतील, ‘उष्णता झाली.’

शेवटी एक कबुली. शाळेत दर आठवड्याला मुलांना लोहाची गुलाबी गोळी दिली जाते. त्या चौदा महिन्यांत मी ती न चुकता वाटली. माझ्यासमोर गिळायला लावली, रजिस्टरवर खूण केली. एका मुलीनं मला विचारलंही होतं, “बाई, तुम्ही नाही घेत?” मी हसून तिला म्हटलं, “मला काय झालंय?”