भंडारदरा जलाशय परिसरातील वन्यजीव-पदभ्रमण : स्वरूप, मर्यादा आणि शिस्त

गोषवारा

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील भंडारदरा जलाशय आणि त्यास वेढणारे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य हे महाराष्ट्रातील पदभ्रमणाचे एक प्रमुख क्षेत्र आहे. पायी फिरणे हा निसर्ग पाहण्याचा निरुपद्रवी मार्ग आहे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. प्रस्तुत लेखात या समजुतीची तपासणी केली आहे. त्यासाठी केनियातील नैवाशा सरोवराच्या परिसराशी तुलना केली असून, भंडारदऱ्यात पदभ्रमणाचा भार कोणत्या जीवांवर पडतो, काजव्यांच्या हंगामात तो कसा वाढतो आणि महाविद्यालयीन क्षेत्रभेटींनी कोणती शिस्त पाळावी, याचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : पदभ्रमण, अभयारण्य, भंडारदरा, शेकरू, काजवा, क्षेत्रभेट.

१. प्रस्तावना

वन्यजीव पाहणे म्हणजे उघड्या जीपमधून वाघाच्या मागावर फिरणे, अशी कल्पना शहरी समाजात रूढ झाली आहे. ताडोबा किंवा पेंच येथील पर्यटनामुळे ती अधिक दृढ झाली. अकोले तालुक्यातील अभयारण्याची प्रकृती मात्र वेगळी आहे. येथे वाघ नाही, हत्ती नाही, गव्यांचे कळपही नाहीत. डोंगराच्या सोंडा, खोल घळी आणि दाट झाडोरा यांमुळे बहुतांश क्षेत्रात वाहन जाऊच शकत नाही. येथील निसर्ग पाहावयाचा तर पायीच चालावे लागते. दरवर्षी शाळा-महाविद्यालयांचे गट, गिर्यारोहण संस्था आणि कुटुंबे येथे येतात. एवढी माणसे पायी येऊ लागली की चालणे ही केवळ वैयक्तिक आवड राहत नाही. ते त्या भूभागावरील एक दाब ठरते. या दाबाचे स्वरूप समजून घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

२. परिसराची पार्श्वभूमी

प्रवरा नदीचा उगम रतनगडाच्या परिसरात होतो. याच नदीवर भंडारदरा येथे १९१० साली धरणाचे काम सुरू झाले आणि १९२६ साली ते पूर्णत्वास गेले. तत्कालीन मुंबई प्रांताचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या नावावरून त्यास विल्सन धरण असे नाव मिळाले. धरणाची उंची सुमारे ८२ मीटर असून जलाशयाची साठवण क्षमता सुमारे ११ अब्ज घनफूट आहे. हा जलाशय ‘आर्थर लेक’ या नावानेही ओळखला जातो. प्रवरा खोऱ्यातील कालवे आणि त्यांवर उभी राहिलेली उसाची शेती यांचा पाया याच पाण्याने घातला.

जलाशयाच्या उत्तरेस कळसूबाईचे शिखर (१६४६ मीटर) आहे. ते राज्यातील सर्वोच्च शिखर होय. नैर्ऋत्येस रतनगड आणि अधिक दक्षिणेस हरिश्चंद्रगड आहे. पश्चिमेस घाटघरजवळ सह्याद्रीचा कडा थेट कोकणात उतरतो. घाटघर हे महाराष्ट्रातील अतिपर्जन्याच्या ठिकाणांपैकी एक आहे. १९८६ साली या पट्ट्यास कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा दर्जा देण्यात आला. त्याचे घोषित क्षेत्र ३६१.७१ चौरस किलोमीटर होते.

हिरडा, बेहडा, जांभूळ, ऐन, उंबर आणि आंबा हे येथील प्रमुख वृक्ष होत. उतारांवर कारवीचे दाट झुडूपवन आढळते. बिबट्या, तरस, कोल्हा, रानमांजर, उदमांजर, भेकर, रानडुक्कर आणि ससा हे प्राणी येथे आहेत. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू आणि राज्यपक्षी हरियाल हे दोन्ही या वनांत आढळतात. अभयारण्याच्या हद्दीत अनेक गावे असून तेथे प्रामुख्याने महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती आहे. माणूस या परिसराबाहेरचा पाहुणा कधीच नव्हता, हे पुढील विवेचनात ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

३. नैवाशा आणि भंडारदरा : दोन वेगळे धोके

सरोवराकाठी वन्यप्राण्यांमधून पायी फिरण्याचे जगप्रसिद्ध उदाहरण केनियातील नैवाशा सरोवराचे आहे. केनियातील बहुतेक प्रसिद्ध राष्ट्रीय उद्यानांत पर्यटकाने वाहनातच बसून राहावे, असा दंडक आहे. नैवाशा परिसरातील क्रेसेंट बेट आणि जवळचे हेल्स गेट राष्ट्रीय उद्यान हे त्याला अपवाद आहेत. क्रेसेंट बेटावर झेब्रे, जिराफ आणि हरणवर्गीय प्राणी यांच्यामधून पायी हिंडता येते, कारण तेथे मोठे मांसभक्षक प्राणी नाहीत. हेल्स गेट हे १९८४ साली स्थापन झालेले उद्यान पायी किंवा सायकलने पाहता येते. तरीही काठावर चरायला येणारे पाणघोडे आणि झुडपांत उभे असलेले रानरेडे यांच्यापासून पर्यटकाला दूर ठेवणे, हीच तेथील व्यवस्थेची पहिली चिंता असते.

म्हणजेच नैवाशात नियम प्रथम चालणाऱ्याच्या रक्षणासाठी आहेत. चुकीची किंमत चालणाऱ्याला तत्काळ मोजावी लागते, म्हणून शिस्त आपोआप पाळली जाते. भंडारदऱ्यात परिस्थिती उलट आहे. निसरडे कडे आणि फुगलेले ओढे सोडले, तर येथे चालणाऱ्यास वन्यप्राण्यांकडून फारसे भय नाही. प्राणी लाजाळू, बहुधा निशाचर आणि माणसाची चाहूल लागताच दूर सरणारे आहेत. चालणाऱ्याच्या चुकीची किंमत येथे प्राण्यांना मोजावी लागते आणि ती चालणाऱ्याला दिसतही नाही. न दिसणारी हानी टाळण्यासाठी शिस्त स्वतःहून शिकावी लागते. भंडारदऱ्यातील पदभ्रमणाची खरी अडचण हीच आहे.

याच जिल्ह्यातील दुसऱ्या एका क्षेत्रावरूनही हा मुद्दा स्पष्ट होतो. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे काळविटांसाठी १९८० साली अभयारण्य स्थापन झाले. त्याचे क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर आहे. मोकळ्या माळावरील काळवीट ठरावीक मार्गाने जाणाऱ्या वाहनास सरावू शकते. पायी येणारी माणसाची आकृती दिसताच मात्र ते सावध होते. वाहन सोडून चालू लागल्याने माणूस निसर्गाशी आपोआप एकरूप होतो असे नाही. प्राण्याच्या दृष्टीने तो अधिक संशयास्पदही ठरू शकतो.

४. पायी चालणाऱ्यास काय दिसते

या परिसरात प्राणी प्रत्यक्ष दिसण्यापेक्षा त्यांच्या खुणा अधिक दिसतात. ओल्या मातीतील बिबट्याच्या पावलाच्या ठशात नखांच्या खुणा सहसा उमटत नाहीत. तरसाच्या ठशात त्या स्पष्ट असतात आणि त्याचे पुढचे पाऊल मागच्याहून मोठे असते. तरसाची विष्ठा वाळल्यावर पांढरी दिसते, कारण तो हाडे चावून खातो. अशा खुणा वाचण्याची सवय लागली की रिकामी वाटणारी वाट भरलेली वाटू लागते. हे शिक्षण केवळ पायी चालतानाच मिळते.

शेकरूचे उदाहरण याहून बोलके आहे. काटक्या व पाने यांची त्याची गोलसर घरटी उंच फांद्यांवर असतात आणि एकच शेकरू अनेक घरटी बांधते. ते झाडावरून झाडावर उड्या घेत फिरते. जमिनीवर क्वचितच उतरते. त्यामुळे झाडांचे शेंडे एकमेकांस भिडलेले असणे, म्हणजेच वृक्षछत्र अखंड असणे, ही त्याच्या जीवनाची अट आहे. अरुंद पायवाटेवर दोन्ही बाजूंच्या फांद्या एकमेकींस भिडून राहतात. तीच वाट वाहनांसाठी रुंद केली की छत्र तुटते आणि एका वनाचे दोन तुकडे होतात. पदभ्रमणाच्या बाजूने देता येणारा सर्वांत सबळ जीवशास्त्रीय युक्तिवाद हाच आहे.

वन्यजीव अभयारण्याच्या सीमेतच राहतात, असाही समज करून घेऊ नये. अकोले तालुक्यातील प्रवरा खोऱ्याच्या शेतीप्रधान भागात विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार तेथे दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे आणि जवळजवळ तेवढेच तरस असल्याचे आढळले. भंडारदऱ्याच्या पाण्यावर वाढलेल्या उसात बिबट्यास आडोसा मिळतो. जलाशय, कालवा, ऊस आणि बिबट्या ही एकाच साखळीची कडी आहेत.

५. काजव्यांचा हंगाम : पदभ्रमणाची कसोटी

मे महिन्याच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत, पहिल्या सरींच्या सुमारास, घाटघर, रतनवाडी, उडदावणे, पांजरे आणि मुरशेत या भागांतील झाडे काजव्यांनी लखलखतात. एकेका झाडावर असंख्य काजवे जणू एका तालात उघडझाप करतात. हा प्रकाश म्हणजे प्रजननाची भाषा आहे. ल्युसिफेरीन या द्रव्याची ल्युसिफरेज या विकराच्या साहाय्याने ऑक्सिजनशी प्रक्रिया होऊन तो निर्माण होतो. नर विशिष्ट लयीत प्रकाश देतो, मादी त्यास उत्तर देते आणि त्यातून मीलन घडते. प्रौढ अवस्थेचे आयुष्य थोड्या दिवसांचे असल्याने वाया गेलेली प्रत्येक रात्र महत्त्वाची ठरते.

मोटारींचे दिवे, विजेऱ्या आणि भ्रमणध्वनींचे झोत यांमुळे हा संवाद खंडित होतो, हे सहज लक्षात येते. पायाखाली काय घडते, ते मात्र लक्षात येत नाही. काजव्यांच्या अळ्या जमिनीवर, पालापाचोळ्यात आणि ओलसर मातीत राहतात व गोगलगायींसारख्या मृदू जीवांवर जगतात. अनेक जातींत मादी उडत नाही. ती गवतात वा झाडाच्या बुंध्याशी थांबून प्रकाश देते. झाडाजवळ जाऊन छायाचित्र घेण्यासाठी वाट सोडणारा पर्यटक अंधारात नेमक्या याच थरावर पाय देतो. वाहन न आणताही तो पुढील वर्षाच्या काजव्यांची हानी करू शकतो. गेल्या काही वर्षांत वन विभागाने या हंगामात वाहने आणि प्रवेशाची वेळ यांवर निर्बंध घातले आहेत. तथापि वाट न सोडण्याचा नियम अखेर चालणाऱ्याच्या विवेकावरच अवलंबून राहतो.

याच काळात जलाशयाची पातळी खाली गेलेली असते. उघड्या पडलेल्या काठावर प्राणी संध्याकाळी पाण्यासाठी उतरतात आणि त्याच काठावर तंबू, शेकोट्या व ध्वनिवर्धक आले की त्यांचा पाण्याचा मार्ग अडतो. उन्हाळ्याच्या अखेरीस डोंगरावरील झरे आटलेले असल्याने अशा वेळी काठाला पर्यायही थोडेच असतात.

६. कायदा आणि स्थानिक समाज

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील कलम २७ अन्वये अभयारण्यातील प्रवेशावर निर्बंध आहेत. वन्यप्राण्यांना त्रास देणे व कचरा टाकणे यांसही त्यात मनाई आहे. कलम २८ नुसार अभ्यास, संशोधन, छायाचित्रण व पर्यटन यांसाठी परवानगी देता येते. कलम ३० अन्वये आग लावण्यास बंदी आहे. म्हणजे अभयारण्यात चालणे ही परवानगीने मिळालेली सवलत आहे. तो पर्यटकाचा निरपवाद हक्क नव्हे.

कायद्याइतकेच महत्त्व स्थानिक वाटाड्यास आहे. पावसात कोणता ओढा केव्हा चढतो, कोणत्या देवराईत जाऊ नये, शेकरूची घरटी कोठे आहेत, हे ज्ञान येथील कुटुंबांकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. भातशेती आणि हिरड्याचे संकलन यांवर जगणाऱ्या कुटुंबांना पर्यटनाने रोख उत्पन्न मिळू लागले आहे. म्हणून ‘पर्यटन बंद करावे’ असे म्हणणे सोपे असले तरी न्याय्य नाही. मात्र हे उत्पन्न ज्या काजव्यांवर व ज्या वनांवर उभे आहे ते क्षीण झाले, तर पर्यटक दुसरे ठिकाण शोधील. गावाला तसा पर्याय नाही. लहान गट, वाटाड्याची सक्ती आणि अधिक मोबदला ही रचना मोठ्या गर्दीपेक्षा गावाच्याच दीर्घकालीन हिताची आहे.

७. महाविद्यालयीन क्षेत्रभेटींसाठी काही पथ्ये

प्राणिशास्त्र, भूगोल, पर्यावरणशास्त्र अशा विषयांच्या क्षेत्रभेटी या परिसरात जातात. त्यांच्या संयोजकांनी पुढील बाबी विचारात घ्याव्यात.

(१) एका बसभर विद्यार्थ्यांना एकाच वाटेने नेण्याऐवजी लहान गट करावेत व प्रत्येक गटासोबत स्थानिक वाटाड्या घ्यावा.
(२) चालण्यासाठी पहाटेनंतरची वेळ निवडावी. सूर्यास्तापूर्वी जलाशयाचा काठ मोकळा करावा.
(३) काजव्यांच्या हंगामात मोठी सहल नेऊ नये. नेलीच तर वाहन गावात ठेवावे, विजेरीवर लाल कागद लावून ती जमिनीकडे धरावी आणि वाट सोडू नये.
(४) विद्यार्थ्यांना ‘किती प्राणी पाहिले’ याऐवजी ‘कोणत्या खुणा ओळखल्या’ याची नोंद ठेवण्यास सांगावे.
(५) नमुने म्हणून कीटक, घरटी वा वनस्पती गोळा करू नयेत. रेखाटन व छायाचित्र पुरेसे मानावे.
(६) या नोंदी दरवर्षी त्याच वाटेवर, त्याच पंधरवड्यात घेऊन महाविद्यालयात जतन कराव्यात. दहा वर्षांच्या अशा साध्या नोंदीही वन विभागास व गावास उपयोगी पडू शकतील.

८. समारोप

पायी चालणाऱ्याला वाहनातील प्रवाशापेक्षा अधिक दिसते आणि पायवाट रस्त्यापेक्षा वनास कमी दुखावते, हे खरे आहे. परंतु पदभ्रमण निरुपद्रवी ठरते ते चालण्यामुळे नव्हे. संख्या, वेळ, प्रकाश आणि वाट या चार गोष्टींच्या मर्यादेमुळे. नैवाशात ही मर्यादा पाणघोडा आणि रानरेडा घालून देतात. भंडारदऱ्यात ती घालून देण्याइतका बलवान प्राणी नाही. येथील काजवा आणि शेकरू आपली बाजू मांडू शकत नाहीत. ती मर्यादा चालणाऱ्यांनी, त्यांना घेऊन येणाऱ्या शिक्षकांनी आणि त्यांचे स्वागत करणाऱ्या गावांनी मिळूनच आखावयाची आहे.