ओढ्यातल्या शेळ्या आणि डोक्यावरचं ऊन



ओढ्यातल्या दगडावर पाय घसरला की आपण शेवाळाला नावं ठेवतो. पण कधी नीट बघितलंय का? एकाच ओढ्यात एका जागी दगड हिरवेगार, केसाळ शेवाळाने भरलेले असतात. चार पावलांवर, झाडाखाली, तसलेच दगड घासून ठेवल्यासारखे स्वच्छ असतात. पाणी तेच, दगड तेच. मग फरक कशामुळे?

दोन गोष्टींमुळे. वरून ऊन किती पडतं आणि खाली चरतंय कोण.

हे आत्ताच समजून घ्यायला हवं, कारण पाणी आटलं की गावोगाव ओढ्याच्या सफाईची आणि खोलीकरणाची कामं निघतात. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान सुरू झाल्यापासून ही कामं आपल्याला नवीन नाहीत. पाणी साठवण्यासाठी ती लागतातही. पण जेसीबी काठावर उतरला की गाळाबरोबर करंज, उंबर, जांभूळही जातात. ती झाडं ठेवायची का काढायची, हे ग्रामसभेत ठरतं, आणि तिथे आपणही बसतो. तेव्हा नुसतं "झाडं चांगली असतात" म्हणून भागत नाही. का चांगली, ते सांगता आलं पाहिजे.

दगडावरचा चारा

पाण्यातल्या दगडावर नखाने ओरखडा काढा. तपकिरी, बुळबुळीत थर नखात येईल. त्यात डायटम नावाचे अगदी बारीक शेवाळ असते. प्रत्येक डायटमभोवती काचेच्या जातीचे नाजूक कवच असते. सूक्ष्मदर्शकाखाली ती कवचे नक्षीदार डब्यांसारखी दिसतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत या डायटमचा अभ्यास चालतो, कारण कोणते डायटम आहेत यावरून पाण्याची तब्येत कळते.

हा पातळ थर म्हणजे ओढ्यातलं गवत समजा. रानातल्या गवताला लागतं तेच याला लागतं : ऊन, पाणी आणि खत.

कोण चरतं?

आपल्या गटांतल्या कितीतरी ताई उस्मानाबादी शेळ्या पाळतात. ओढ्यातही तशाच शेळ्या असतात, फक्त त्या किड्यांच्या रूपात.

दगड हळूच उचलून पालथा करा. चपटी, चपळ अळी पळताना दिसेल. पोटाच्या दोन्ही बाजूंना बारीक पानांसारखी कल्ले आणि मागे केसासारखे दोन किंवा तीन तंतू. ही मेफ्लायची अळी. मोठी होऊन पंख फुटले की ती माशी एखाद-दोन दिवसच जगते, कधी काही तासच. तिला खायला तोंडच धड नसतं. म्हणजे सगळं आयुष्यभराचं चरणं पाण्यात, अळीपणीच उरकायचं.

दुसरी कॅडिसची अळी. तिच्यातल्या काही जाती वाळूचे कण चिकटवून स्वतःभोवती नळीसारखं घर बांधतात आणि ते घेऊन फिरत दगड खरवडतात. सह्याद्रीकडच्या वाहत्या ओढ्यांत त्या सहज सापडतात. तिसरी, चिलटासारख्या माश्यांची बारीक अळी. ही डोळ्याला दोऱ्याच्या तुकड्यासारखी दिसते, पण संख्येने फार. गोगलगायी किडे नव्हेत, पण चरायला त्याही सोबत असतात.

या अळ्या मासे खातात. पंख फुटून वर आल्या की चतुर, पाकोळ्या आणि वटवाघळं खातात. म्हणजे दगडावर पडलेलं ऊन शेवाळात, शेवाळ अळीत आणि अळी माशात जाते. ओढ्यातल्या माशाच्या अंगात ऊनच असतं म्हणा ना.

ऊन वाढलं की काय होतं?

गर्द झाडीखाली बरेचदा उन्हाचा दहावा हिस्साही पाण्यापर्यंत पोचत नाही. तिथे चारा कमी, म्हणून चरणारेही कमी आणि सावकाश वाढणारे. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या ओढ्यांवर १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच दिसलं. उघड्या भागातले चरणारे जीव सावलीतल्यांपेक्षा भराभर वाढत होते.

इथे एक गंमत लक्षात ठेवा. उन्हातल्या दगडावर शेवाळ जाड दिसेलच असं नाही. शेळ्या रोज चरतात त्या माळावर गवत कधी उंच दिसतं का? गवत उगवत असतंच, पण उगवलं की खाल्लं जातं. तसंच स्वच्छ दगड म्हणजे चारा नाही, असा अर्थ लगेच काढू नये. तिथे भरपूर उगवत असेल आणि तितकंच संपतही असेल.

मग कुणी म्हणेल, ऊन एवढं चांगलं तर झाडं काढलेलीच बरी! थांबा. गोष्ट अजून अर्धी आहे.

शेळीलाही ऊन लागतं

भर दुपारी, वैशाखात, शेळ्या माळावर चरतात का? झाडाखाली जाऊन बसतात. ओढ्यातल्या अळ्यांचंही तसंच आहे. बऱ्याच मेफ्लायच्या अळ्या दिवसा दगडाखाली दडतात आणि रात्री वर येऊन चरतात. दिवसा मासे त्यांना टिपतात, हे त्याचं मोठं कारण.

पण नुसतं उघड्यावरचं ऊनही त्यांना बाधतं. कॅनडातल्या साउथ थॉम्पसन नदीकाठी मॅक्स बॉथवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नदीचं पाणी लांब पन्हाळ्यांतून खेळवलं. काही पन्हाळ्यांवर उन्हातले अतिनील किरण अडवणारा पडदा घातला, काही उघड्या ठेवल्या. अतिनील किरण म्हणजे उन्हातला डोळ्याला न दिसणारा, कातडी भाजणारा भाग. सुरुवातीला उघड्या पन्हाळ्यांत शेवाळ कमी वाढलं. ते अपेक्षितच होतं. पण काही आठवड्यांनी चित्र उलटलं आणि उघड्या पन्हाळ्यांतच शेवाळ जास्त झालं! कारण या किरणांचा त्रास शेवाळापेक्षा ते खाणाऱ्या बारीक अळ्यांना जास्त झाला होता. शेळ्याच कमी झाल्या, म्हणून गवत माजलं. हा अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला.

याशिवाय ऊन पाणी तापवतं. पाणी २० अंशांवर असताना एका लिटरमध्ये साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तेच पाणी ३० अंशांवर गेलं की साडेसातच्या आसपास मावतो. अळ्यांना श्वास घ्यायला तोच लागतो. गरम पाण्यात अळी लवकर माशी होते खरी, पण लहानखुरी होते. लहान मादी अंडीही कमी घालते.

त्यात खताचं पाणी आलं की?

उसाच्या, द्राक्षाच्या, डाळिंबाच्या रानातून जादा पाण्याबरोबर खत ओढ्यात उतरतं. गावचं सांडपाणीही तिथेच येतं. खत आणि भरपूर ऊन एकत्र आलं की पातळ तपकिरी थराच्या जागी लांब केसांसारखं हिरवं शेवाळ माजतं. बारीक अळ्यांना ते चरायला अवघड. कोवळ्या गवताच्या रानात घाणेरी माजावी तसं होतं : हिरवं दिसतं, पण शेळीच्या उपयोगाचं नाही.

असं माजलेलं शेवाळ दिवसा पाण्यात प्राणवायू सोडतं, पण रात्री तेही श्वास घेतं. पहाटे पाण्यातला प्राणवायू सगळ्यात कमी असतो. साठलेल्या डोहात मासे सकाळी वर येऊन तोंड उघडझाप करतात, ते यामुळेच. अळ्या तर त्याआधीच गुदमरतात. आणि चरणारे गेले की शेवाळ आणखी माजतं.

एक सावधगिरी. साठलेल्या पाण्यावर हिरवा रंग ओतल्यासारखा तवंग दिसला तर जनावरं तिथे पाजू नका. ते निळं-हिरवं शेवाळ असू शकतं आणि त्याच्या काही जाती विषारी असतात.

आपल्या ओढ्याचं वेळापत्रक

माढा तालुक्याच्या एका बाजूला भीमा, दुसऱ्या बाजूला सीना. मोडनिंब परिसरातले ओढे या नद्यांना मिळतात, पण बहुतेक बारमाही नाहीत. परतीचा पाऊस चांगला झाला तर ओढा पळतो, नाहीतर नुसतं ओलं होतं.

पाऊस चालू असताना पाणी गढूळ. तळाशी ऊन पोचत नाही, लोंढ्याने दगड उलटेपालटे होतात, शेवाळ धरत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला पाणी निवळतं आणि तळ दिसू लागतो. तेव्हाच ऊन दगडाला लागतं आणि चराई सुरू होते. पुढे धार बारीक होऊन ओढा डबक्यांवर येईपर्यंत जे काही आठवडे मिळतात, त्यातच या अळ्यांना वाढून, पंख फुटून, अंडी घालून मोकळं व्हायचं असतं. सुगी थोड्या दिवसांची. म्हणून या दिवसांत पाणी उघडं पडून लवकर तापलं, तर नुकसान मोठं.

मग झाडं किती ठेवायची?

सगळा ओढा अंधारा नको आणि सगळा बोडकाही नको. ऊन-सावलीचे पट्टे हवेत. उघड्या पट्ट्यात चारा उगवतो, सावलीच्या पट्ट्यात पाणी थंड राहतं आणि दुपारचा आसरा मिळतो. शिवाय सावलीची झाडं पाण्यात पानं टाकतात. तो पाचोळा खाणारे किडे वेगळेच असतात, त्यांचंही भागतं.

खोलीकरणाचं काम गावात निघालं तर हे मुद्दे मांडा :

• मशीन एकाच काठावरून चालवा, दुसऱ्या काठाची झाडं राहू द्या. ठेवायचाच काठ निवडता आला तर दक्षिण किंवा पश्चिम बाजूचा ठेवा. हिवाळ्यातल्या आणि दुपारनंतरच्या उन्हाला तीच झाडं आड येतात.
• झाड तोडण्याची परवानगी घेतली आहे का, ते कामाआधी विचारा.
• तळातले सगळे दगड उचलून नेऊ नका. नुसत्या गाळावर चरणाऱ्या अळ्यांना थारा नसतो.
• गेलेल्या झाडांच्या जागी करंज, उंबर, जांभूळ लावायचं काम रोजगार हमीत मागा.
• बांध आणि ओढा यांच्यामध्ये गवताचा पट्टा सोडा, म्हणजे खत थेट पाण्यात उतरणार नाही.

करून बघा

पाणी निवळल्यावर गटातल्या चौघी-पाचजणींनी हे करावं. मुलांनाही सोबत घ्या. शहाबादी फरशीचे सारखे सहा तुकडे घासून स्वच्छ करा. गुडघ्याच्या खाली पाणी असेल अशा जागी तीन उन्हात आणि तीन सावलीत ठेवा. धार जोराची असेल किंवा सांडपाणी येत असेल तिथे उतरू नका. पंधरा दिवसांनी तुकडे हळूच उचला, पांढऱ्या ताटलीत पाणी घेऊन त्यात हलवा आणि अळ्या मोजा. मग अळ्या परत ओढ्यात सोडा, हात साबणाने धुवा.

काय दिसलं, त्यावरून अंदाज असा बांधा :

• उन्हातल्या तुकड्यावर पातळ थर आणि भरपूर अळ्या : चराई नीट चालू आहे.
• उन्हात लांब हिरवं शेवाळ आणि अळ्या जवळजवळ नाहीत : चरणारे गेले. खत, सांडपाणी की तापलेलं पाणी, ते शोधा.
• सावलीत तुकडा स्वच्छ आणि अळ्या थोड्या : चारा कमी आहे, काळजीचं कारण नाही.
• दोन्हीकडे अळ्याच नाहीत : वरच्या बाजूने पाण्यात काय मिसळतंय, ते चालत जाऊन बघा.

तारीख, जागा आणि मोजलेला आकडा गटाच्या वहीत लिहून ठेवा. दुसऱ्या वर्षी त्याच जागी पुन्हा मोजा. ग्रामसभेत "आम्हाला वाटतं" म्हणण्यापेक्षा "आम्ही मोजलंय" म्हटलेलं जास्त ऐकलं जातं. बचतीचा हिशोब चोख ठेवणाऱ्या बायकांना ओढ्याचा हिशोब काही जड नाही.

ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीसाठी प्रश्न :
१. आपल्या ओढ्याच्या कोणत्या भागात आता सावलीच उरलेली नाही?
२. यंदा कुठे काम निघणार आहे आणि तिथली कोणती झाडं वाचवता येतील?
३. फरशीचे तुकडे कोण ठेवणार आणि वही कोणाकडे राहणार?