लक्स : डिस्कचं कुलूप

लक्स म्हणजे लिनक्स युनिफाइड की सेटअप. लिनक्सवरील डिस्क एन्क्रिप्शनचा प्रमाणित आराखडा. क्लेमेन्स फ्रुहविर्थ यांनी २००४मध्ये तो मांडला. प्रत्यक्ष एन्क्रिप्शन कर्नलमधलं ‘डीएम-क्रिप्ट’ करतं, मांडणी आणि पासफ्रेजचा कारभार ‘क्रिप्टसेटअप’कडे.

किल्लीमागची किल्ली. डेटा एन्क्रिप्ट होतो मास्टर कीने. पासफ्रेज फक्त ती मास्टर की उघडते. त्यामुळे पासफ्रेज बदलली, तरी सगळी डिस्क पुन्हा लिहावी लागत नाही.

• की-स्लॉट : लक्स-१मध्ये ८, लक्स-२मध्ये ३२पर्यंत. प्रत्येकात वेगळी पासफ्रेज चालते.
• नेहमीचा सायफर : एईएस, एक्सटीएस पद्धतीने.
• पासफ्रेजवरून किल्ली घडवणारं लक्स-२मधलं आर्गॉन-२ मुद्दाम भरपूर मेमरी खातं. पासफ्रेजचे अंदाज लावत बसणं त्यामुळे महाग पडतं.

हे की-स्लॉट ज्यात असतात, तो हेडर डिस्कच्या सुरुवातीला असतो. लक्स-२मध्ये सहसा १६ एमबी. तो बिघडला आणि प्रत नसेल, तर पासफ्रेज तोंडपाठ असूनही डेटा गेला. प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवतात. मात्र त्या जुन्या प्रतीवर जुनी, बदललेली पासफ्रेजही चालते!

केव्हा? उबुंटू, फेडोरा, डेबियन यांच्या इन्स्टॉलरमध्येच हा पर्याय असतो. भरलेली डिस्क नंतरही एन्क्रिप्ट करता येते, पण आधी बॅकअप.

काय उघडं राहतं? बहुतेक मांडण्यांत बूट विभाग. शिवाय संगणक चालू किंवा स्लीपमध्ये असेपर्यंत मास्टर की सहसा रॅममध्येच असते.